विश्लेषण : मोबाइलमधील व्हिडीओ अत्याचाराचा पुरावा कधी ठरतो?

मणिपूरमध्ये दोन महिलांची विवस्त्र धिंड काढण्यात आली ती ४ मे २०२३ रोजी. फिर्याद १८ मे रोजी नोंदवली गेली. पहिली अटक झाली ती मात्र २० जुलैला. मधल्या काळात तपासात नवे असे काही हाती लागले नव्हते. फक्त १९ जुलैला त्या घटनेचा मोबाइलवरील व्हिडीओ समाजमाध्यमांवर पसरला आणि अडीच महिने न हललेली यंत्रणा एका दिवसात हलली. मोबाइल आणि समाजमाध्यमे मानवी हक्कांसाठी किती परिणामकारक ठरू शकतात, हे या घटनेने दाखवले. पण व्हिडीओ पसरणे आणि न्याय मिळणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर कशाने कापले जाते, याचा हा आढावा.

मणिपूर प्रकरणात व्हिडीओमुळे नेमके काय झाले?

३ मे २०२३ रोजी मणिपूरमध्ये हिंसाचार उसळला आणि त्याच दिवशी मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवशी ही घटना घडली. कांगपोक्पी जिल्ह्यातील सैकुल पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवला गेला आणि जूनमध्ये तो घटनास्थळाची हद्द असलेल्या पोलीस ठाण्याकडे वर्ग झाला. कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात गेला, पण अटक कोणालाही झाली नाही. व्हिडीओ पसरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने तीन माजी महिला न्यायमूर्तींची समिती नेमली आणि सीबीआयच्या तपासावर देखरेख ठेवण्याचे काम महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडे सोपवले. ऑक्टोबरमध्ये सीबीआयने गुवाहाटीतील विशेष न्यायालयात आरोपपत्र दाखल केले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. फिर्यादीत जे लिहिले होते तेच व्हिडीओत दिसत होते. म्हणजे माहिती नवी नव्हती. ती नाकारणे अशक्य झाले, हे नवे होते. त्याचबरोबर त्या महिलांची विटंबनाही लाखो मोबाइलवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. व्हिडीओच्या या दोन्ही बाजू एकत्रच पाहाव्या लागतात.

मोबाइलने मानवी हक्कांच्या लढ्यात काय बदलले?

मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला केलेली मारहाण शेजारच्या इमारतीतील एका रहिवाशाने घराच्या बाल्कनीतून टिपली. त्याच्याकडे हातात धरायचा व्हिडीओ कॅमेरा होता, हा योगायोग. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संगीतकार पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने ‘विटनेस’ ही संस्था स्थापन झाली. कार्यकर्त्यांच्या हाती कॅमेरे द्यायचे, ही तिची कल्पना. त्या काळी कॅमेरा पोहोचवणे हेच मोठे काम होते. स्मार्टफोनने ही अडचण संपवली.

साधा फोनही पुरेसा ठरल्याचे उदाहरण केनियात आहे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तेथे हिंसाचार झाला, तेव्हा काही तरुणांनी ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ सुरू केले. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष असा होतो. नागरिकांनी एसएमएस किंवा ईमेलने कळवलेल्या घटना नकाशावर नोंदवल्या जात. हिंसा कुठे आणि कधी झाली, याची नोंद सरकारी आकड्यांची वाट न पाहता तयार झाली. इजिप्तमध्ये २०१० साली पोलिसांच्या मारहाणीत मरण पावलेल्या खालिद सईद या तरुणाच्या नावाने फेसबुक पान उघडले गेले आणि जानेवारी २०११ च्या आंदोलनासाठी लोकांना एकत्र आणण्यात त्या पानाचा मोठा वाटा राहिला.

२५ मे २०२० रोजी मिनीआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात या मृत्यूचा उल्लेख पोलिसांशी संपर्क आला असताना उद्भवलेली वैद्यकीय घटना असा होता. गळ्यावरील गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर टिपलेल्या व्हिडीओने ते निवेदन काही तासांत खोटे पाडले. एप्रिल २०२१ मध्ये डेरेक शॉविन हा पोलीस अधिकारी खुनाच्या आरोपात दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

व्हिडीओ असला म्हणजे शिक्षा होतेच का?

नाही. रॉडनी किंग यांच्या मारहाणीचा व्हिडीओ जगभर दाखवला गेला. तरीही एप्रिल १९९२ मध्ये ज्युरींनी चारही पोलिसांपैकी कोणालाही दोषी ठरवले नाही. बचाव पक्षाने तोच व्हिडीओ संथ गतीने, एकेक चित्र थांबवून दाखवला आणि पोलिसांची प्रत्येक कृती नियमानुसार असल्याचा युक्तिवाद केला. निकालानंतर दंगल उसळली आणि त्यात ५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोघांना शिक्षा झाली. फ्लॉइड प्रकरणातही ज्युरींसमोर केवळ व्हिडीओ नव्हता. प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी, वैद्यकीय तज्ज्ञांची मते आणि खुद्द पोलीस प्रमुखांची शॉविन याच्या विरोधातील साक्ष, हे सारे त्याच्या जोडीला होते.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल-वरफल्ली याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. ३३ जणांच्या हत्येचे आरोप प्रामुख्याने सात व्हिडीओंवर आधारलेले होते आणि ते समाजमाध्यमांवर फिरत होते. समाजमाध्यमांवरील साहित्याला इतके महत्त्व मिळाल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. पण त्याला न्यायालयापुढे कोणी हजर केलेच नाही. मार्च २०२१ मध्ये तो बेनगाझीत मारला गेला आणि पुढच्या वर्षी खटला बंद झाला. व्हिडीओ वॉरंटपर्यंत नेऊ शकतो. अटक मात्र सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांनाच करावी लागते.

व्हिडीओ खरा आहे हे कसे ठरवतात?

जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतील एक व्हिडीओ पसरला. त्यात सैनिकी गणवेशातील माणसे दोन महिला आणि दोन लहान मुलांना गोळ्या घालताना दिसत होती. कॅमेरून सरकारने ही बातमी खोटी असल्याचे सांगितले. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या चमूने व्हिडीओतील डोंगररांगेची कड उपग्रह चित्रांशी ताडून पाहिली आणि ठिकाण उत्तर कॅमेरूनमधील झेलेव्हेत गावाजवळचे असल्याचे शोधले. दिसणाऱ्या इमारती कधी बांधल्या व पाडल्या गेल्या आणि पायवाटा वर्षाच्या कोणत्या काळात दिसतात, हे जुन्या उपग्रह चित्रांत पाहिले. माणसांच्या सावल्यांच्या लांबीवरून व दिशेवरून सूर्य कुठे होता हे काढले. त्यावरून घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या काळातील असल्याचे ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

अशा पडताळणीला शिस्त यावी म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील मानवी हक्क केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय यांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘बर्कली प्रोटोकॉल’ जाहीर केला. इंटरनेटवरील माहिती कशी शोधावी, जपावी आणि तपासावी, याचे निकष त्यात आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने हुबेहूब बनावट व्हिडीओ तयार होऊ लागल्यापासून या निकषांचे महत्त्व आणखी वाढले आहे. बनावट व्हिडीओ खरा म्हणून खपवला जाण्याचा धोका तर आहेच. पण खरा व्हिडीओ समोर आल्यावर ‘हा एआयने बनवलेला आहे’ असे म्हणून हात झटकणेही आता सोपे झाले आहे.

समाजमाध्यमावर टाकलेला व्हिडीओ सुरक्षित असतो का?

व्हिडीओ यूट्यूबवर किंवा फेसबुकवर टाकला म्हणजे तो कायम राहील, असा अनेकांचा समज असतो. सीरियातील कार्यकर्त्यांनी यादवी युद्धातील बॉम्बहल्ल्यांचे असंख्य व्हिडीओ यूट्यूबवर टाकले होते. २०१७ मध्ये यूट्यूबने दहशतवादी मजकूर ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा लागू केली, तेव्हा त्यातील हजारो व्हिडीओ आणि काही वाहिन्या काढल्या गेल्या. अत्याचाराचा प्रचार करणारा व्हिडीओ आणि अत्याचार उघड करणारा व्हिडीओ, यांतला फरक यंत्राला कळत नव्हता. काही साहित्य पुन्हा उपलब्ध झाले, पण ज्यांनी मूळ प्रत जपली नव्हती त्यांचा पुरावा हातचा गेला. ‘सीरियन आर्काइव्ह’सारख्या गटांनी स्वतंत्र प्रती साठवल्या होत्या, म्हणून बरेच काही वाचले.

दुसरी अडचण दर्जाची आणि तपशिलाची आहे. मोबाइलने टिपलेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, उपकरणाचा प्रकार आणि अनेकदा ठिकाणही नोंदलेले असते. यालाच मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सॲपवर व्हिडीओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि यातील बहुतेक तपशील निघून जातो. दहा गटांतून फिरून आलेला व्हिडीओ बातमीसाठी पुरेसा असेल, पण न्यायालयात तो कोणी, कुठे, केव्हा टिपला हे सांगणारे त्याच्यात काहीच उरलेले नसते. यावर उपाय म्हणून इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१५ मध्ये ‘आयविटनेस’ हे ॲप आणले. त्यात टिपलेले छायाचित्र वेळ व ठिकाणासह कुलूपबंद होते आणि नंतर बदलता येत नाही. काँगोमध्ये २०१८ साली दोन सशस्त्र गटांच्या म्होरक्यांवरील खटल्यात या ॲपमधील छायाचित्रे वापरली गेली आणि दोघे दोषी ठरले.

भारतातील कायदा काय सांगतो?

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचा देशातील सर्वात महत्त्वाचा निकाल जालन्यातील वादातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाल्याचे सांगत निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण पुढे केले. पण त्या चित्रीकरणासोबत लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरणच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र सक्तीचे. ते मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून संबंधिताला ते द्यायला लावता येते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. व्हिडीओत एका क्षणाचाही बदल झाला तरी हा आकडा पूर्णपणे बदलतो. फेरफार ओळखण्यासाठी ही तरतूद उपयुक्त आहे. मात्र ज्याच्याकडे मोबाइलशिवाय काही नाही, अशा गावातील किंवा वस्तीतील माणसाने तज्ज्ञ कुठून आणायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

पोलीस ठाण्यात चित्रीकरण करणे गुन्हा आहे का?

वर्धा येथील पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केल्याबद्दल एका नागरिकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. या कायद्यातील निषिद्ध ठिकाणांच्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसरीकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता पोलिसांनाच बंधनकारक आहे, आणि ते शक्यतो मोबाइलवर करावे असेही त्यात म्हटले आहे. कॅमेरा दोन्ही बाजूंना चालू असावा, ही दिशा कायद्यानेच दाखवली आहे. मात्र चित्रीकरणाच्या नावाखाली पोलिसांच्या कामात अडथळा आणला, तर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो.

पोस्ट करण्याबाबतही महाराष्ट्रातील घटनेने कायदा बदलला. २०१२ मध्ये पालघरमधील दोन तरुणींना मुंबईतील बंदबाबतच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ ला आव्हान दिले गेले आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

इंटरनेट बंद केल्याने काय होते?

जानेवारी २०११ मध्ये इजिप्त सरकारने जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट बंद केले. अफवा रोखण्यासाठी असे करावे लागते, असा सरकारांचा सर्वत्र युक्तिवाद असतो आणि काही वेळा अफवांचा धोका खराही असतो. पण इंटरनेट बंद असते तेव्हा अत्याचाराची बातमीही बंद होते. मणिपूरमधील व्हिडीओ अडीच महिन्यांनी बाहेर आला, तेव्हा त्या राज्यातील मोबाइल इंटरनेट बंदच होते.

काश्मीरमधील इंटरनेटबंदीबाबत ‘अनुराधा भसीन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनिश्चित काळासाठी बंदी घालता येणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असा निकाल दिला. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार एका आदेशाची मुदत १५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. पण एकापाठोपाठ एक आदेश काढले तर ही मर्यादा कागदावरच राहते.

याच मोबाइलचा धोका कोणता?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धच्या द्वेषाचा प्रसार फेसबुकवरून झाला आणि तो रोखण्यासाठी पुरेसे केले नाही, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले.

दुसरा धोका पीडितांना आहे. लैंगिक अत्याचार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. संतापापोटी किंवा सहानुभूतीने व्हिडीओ पुढे पाठवणाराही पीडितेचा चेहरा आणखी शंभर जणांना दाखवत असतो. पुरावा म्हणून व्हिडीओ तपास यंत्रणेकडे पोहोचणे आवश्यक आहे. तो प्रत्येक मोबाइलवर असण्याची गरज नाही.

चित्रीकरण करणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी?

• आधी स्वतःची आणि पीडिताची सुरक्षितता पाहावी. मदत करणे शक्य असेल तर चित्रीकरण दुय्यम.
• शक्यतो न थांबता सलग चित्रीकरण करावे. दुकानाची पाटी, मैलाचा दगड, वाहनाचा क्रमांक असे ठिकाण ओळखता येईल असे काही त्यात येऊ द्यावे.
• मूळ फाइल कापू नये, तिच्यावर मजकूर किंवा संगीत चढवू नये. संपादन करायचेच तर वेगळ्या प्रतीवर करावे.
• मूळ फाइलची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.
• वेळ, ठिकाण आणि उपस्थितांची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवावी.
• पोलिसांनी मोबाइल जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत मागावी.
• सार्वजनिक करण्यापूर्वी पीडितांचे आणि साक्षीदारांचे चेहरे झाकावेत.

व्हिडीओ नसेल तर?

मणिपूर प्रकरणातील सर्वात अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे. त्याच काळात तेथे इतरही अनेक गुन्हे नोंदवले गेले होते. त्यांचे चित्रीकरण झाले नाही किंवा झाले असले तरी ते बाहेर आले नाही. बंद दाराआड, कोठडीत, शेतावर किंवा घरात होणारा अत्याचार कॅमेऱ्यासमोर होत नाही, आणि बहुतांश अत्याचार अशाच जागी होतात. मोबाइलमुळे नाकारता न येणारी साक्ष सामान्य माणसाच्या हाती आली, हे मोठेच पाऊल आहे. पण देशभर पसरलेला व्हिडीओ असेल तरच फिर्यादीची दखल घ्यायची, अशी सवय यंत्रणेला लागली, तर ज्यांच्याकडे व्हिडीओ नाही त्यांची फिर्याद आणखी दुबळी होईल. १८ मे २०२३ रोजी नोंदवलेल्या फिर्यादीवर लगेच कारवाई झाली असती, तर १९ जुलैच्या व्हिडीओची वाट पाहण्याची वेळच आली नसती.